चहा पिऊन गाडी पारखणाऱ्या इंगळेकाकू

परवा दिल्लीजवळच्या वसुंधरामध्ये एका गृहस्थांकडे जुनी गाडी बघायला गेलो होतो. ते पार्किंगमध्ये बॉनेट उघडून उभे राहिले आणि मी म्हणालो, "भाईसाहब, पहले ज़रा पानी पिला दीजिए." त्यांनी गाडीतली बाटली पुढे केली. "नहीं, ऊपर चलकर," मी म्हणालो. त्यांना ते चमत्कारिक वाटलं असणार, पण विकणारा माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणत नाही. वर गेलो. पाणी पिता पिता स्वयंपाकघराच्या दाराशी रेंगाळलो आणि गॅसच्या नळीकडे बघून घेतलं. नळी चिरलेली होती. खाली आलो आणि इंजिन सुरू करायला न सांगताच निघालो. रस्त्यात बायको म्हणाली, "तू अगदी इंगळेकाकू झालायस."

इंगळेकाकू मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत समोरच्या दारात राहायच्या. गेल्या वर्षी त्या काकांना घेऊन कराडला मुलीकडे गेल्या. काका फौजेच्या वर्कशॉपमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. काकूंची सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या टपाल विभागात गेली होती. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर त्यांच्या नावावर होतं, आणि काका सुट्टीवर आले की त्यांना त्या याची आठवण करून देत. अंगावर सुती साडी, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला रेक्झिनची पर्स. पर्समध्ये स्वतःचा चमचा असे, कारण दिल्लीतले लोक चहात किती साखर घालतील याचा भरवसा नाही आणि ती तळाशीच राहू देऊन न ढवळता वरचा चहा प्यायचा तर चमचा आपल्याच ताब्यात हवा, असं त्यांचं म्हणणं.

सोसायटीतल्या कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की तो काकूंना घेऊन जाई. यात गंमत अशी, की काकूंना गाडी चालवता येत नव्हती. क्लच आणि ब्रेक वेगळे असतात हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं, इतकंच. त्या गाडी बघायच्याच नाहीत. मालकाच्या घरी जायच्या, चहा प्यायच्या आणि घर बघायच्या.

"गाडीला काय विचारायचं?" त्या म्हणत. "ती मालकाच्याच बाजूने बोलणार."

नळ गळतोय का, कूलरच्या जाळीवर धूळ किती आहे, भिंतीवरचं कॅलेंडर चालू महिन्याचं आहे का, हे सगळं त्या एका कपात उरकत. शेवटी गाडीचे कागद मागत. ते वाचायला नव्हे. "कागद कुठे आहेत म्हटल्यावर नवरा-बायको कपाटाकडे बघतात की एकमेकांकडे, ते बघायचं. एकमेकांकडे बघितलं की उठायचं."

पद्धत अचूक होती असं नाही. एकदा आरशासारख्या लख्ख घरातून घेऊन दिलेल्या गाडीचा गिअरबॉक्स गाझीपूरच्या वळणावर गळून पडला. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यांची मोलकरीण चांगली असणार. मी तिला हिशेबात धरलंच नव्हतं."

माझी स्वतःची गाडी त्यांनीच घेऊन दिली. माझं बजेट असं होतं, की ते ऐकल्यावर डीलर खुर्ची परत घेत. पण दिल्लीत कमी पैशांत गाडी मिळण्याची एक सोय आहे. पेट्रोलची गाडी इथे पंधरा वर्षांची झाली की तिचं रस्त्यावरचं आयुष्य सरकारी हिशेबाने संपतं. हा नियम कधी कडक होतो, कधी सैल पडतो. धाक मात्र कायम असतो. त्यामुळे अकरा-बारा वर्षांची धडधाकट गाडी मालक घाईघाईने विकायला काढतो. आम्ही अशीच एक बघायला शाहदऱ्याला गेलो. सेठी नावाचे गृहस्थ आणि त्यांची बायको. चहा आला, मठरी आली, सेठींनी गाडीचे गुण सांगितले. दिल्लीतल्या मराठी माणसाला एक खोड असते. दुकानात, बाजारात, बसमध्ये तो खाजगी बोलणं खुशाल मोठ्याने मराठीत बोलतो, कारण समोरच्याला काही कळत नाही अशी त्याची पक्की समजूत. काकूंनी तोंडावरचं हसू जराही न हलवता मला सांगितलं, "हसत राहा आणि हळूच ऊठ. मोरीतला नळ गळतोय."

सेठीबाईंनी मठरीची बशी माझ्यापुढे सरकवली आणि स्वच्छ नागपुरी मराठीत म्हणाल्या, "वॉशर कालच आणला जी मी. हे बसवून देतो म्हणाले, अन् झोपले."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. काकूंना तसलं काही वाटलं नाही. त्यांनी त्या बाईंकडे निरखून बघितलं, पुन्हा टेकून बसल्या आणि दुसरा कप चहा मागितला. उतरताना जिन्यात मला म्हणाल्या, "घे ही गाडी. वॉशर आणलाय त्यांनी." ती मी घेतली. तिची मुदत आता संपत आली म्हणून तर वसुंधराला गेलो होतो. एवढ्या वर्षांत तिने मला रस्त्यात एकदाही सोडलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला वेळ लागला. काकू इतक्या लोकांच्या गाड्या बघत फिरत, त्या खरं तर स्वतःसाठी गाडी शोधत होत्या.

काकांना अर्धांगाचा झटका आला होता. डावा हात, डावा पाय गेला. वाचा आणि आवाज शाबूत राहिले. आवाज तर परेडच्या मैदानावरचाच राहिला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. छावणीतल्या फौजी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना स्पष्ट सांगितलं होतं, की यांना आठवड्यातून दोनदा इथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये आणा, नाहीतर पाय आखडत जाईल आणि मग तो कुणाच्यानेही सुटणार नाही. घरी येऊन व्यायाम देणारा एक तरुण लावून बघितला. काकांनी त्याला तिसऱ्या भेटीत घालवून दिलं. तो पायाला हात लावण्यापूर्वी परवानगी मागत नव्हता.

काकांची स्वतःची गाडी होती. छोटी, पांढरी, त्यांनी स्वतःच्या हाताने निगा राखलेली. पण ती पंधरा वर्षांची होऊन गेली होती. मागच्या भिंतीशी कव्हर घालून उभी असे आणि दर रविवारी मी ती सुरू करून थोडा वेळ ठेवत असे. बॅटरी मरू नये म्हणून, असं काका म्हणत. टॅक्सी, रिक्षा, शेजाऱ्याची गाडी, ॲम्ब्युलन्स, हे सगळं त्यांना नामंजूर. "ज्या गाडीचं इंजिन मी कानांनी ऐकलं नाही, तीत मी बसणार नाही," असा त्यांचा हुकूम होता. पेन्शनीत बसेल अशी दुसरी गाडी आणायला त्यांची हरकत नव्हती. फक्त ती त्यांनी पास करायला हवी.

ते पास कसे करणार? तर फोनवर. काकू मालकाचं घर पसंत करून खाली येत, बॉनेट उघडायला लावत आणि मोबाइल इंजिनावर धरत. दुसऱ्या टोकाला काका पलंगावर डोळे मिटून ऐकत. मग आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल असा निकाल येई. "टॅपेट वाजतोय. नको." "बेअरिंग गेलंय. नको." एका गाडीबद्दल तर, "आवाज फार गोड आहे. काहीतरी लपवतोय. नको."

मालक लोक थक्क होत. सुभेदारसाहेबांच्या कानाची कीर्ती सोसायटीत पसरली होती. मलाही कौतुक वाटे, फक्त मधून मधून एवढंच मनात येई, की मोबाइलमधून तर निरोगी माणूसही सर्दी झाल्यासारखा बोलतो.

म्हणजे परिस्थिती अशी होती. काका दुसऱ्या मजल्यावर अडकले होते आणि काकू काकांपाशी. भाजी दारावर येई, औषधं मी आणून देई. काकू तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिल्या की फोन वाजे. बाहेर पडायला काकांना मान्य असलेलं कारण एकच, गाडी बघणं. पाय रोज थोडा थोडा आखडत होता.

त्यात भल्लाजी. सोसायटीचे अध्यक्ष भल्लाजी केंद्र सरकारातून संचालक म्हणून निवृत्त झाले होते, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. नोटीस काढली की खाली 'आदेशानुसार' असं लिहीत. आदेश त्यांचाच, सहीही त्यांचीच. त्यांनी फलकावर कागद लावला, की सोसायटीच्या आवारात 'मृत वाहन' ठेवता येणार नाही. दिवाळीपूर्वी ते हटवावं. आवारात असं वाहन एकच होतं. त्याच आठवड्यात त्यांनी काकूंना निरोप पाठवला, की आपण नवी गाडी घेत असून जुनी द्यायची आहे, सुभेदारसाहेबांसाठी खास सवलत.

काकू मला घेऊन गेल्या. राजमुद्रा छापलेल्या कपांत चहा आला. भल्लाजी म्हणाले, "मिसेज इंगले, गाड़ी नहीं है, परिवार का सदस्य है. बिल्कुल बच्चे की तरह रखा है हमने."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "और बच्चे कहाँ हैं?"

"कैनडा. दोनों."

"आते होंगे."

"अब कहाँ," भल्लाजी म्हणाले. "फ़ोन कर लें वही बहुत है."

काकूंनी कप खाली ठेवला आणि चमचा पुसून पर्समध्ये टाकला. जिन्यात म्हणाल्या, "बच्चे की तरह म्हणे. म्हणजे सर्व्हिसिंग नाही." दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "पण चहा एकटेच करतात रे ते. मला दुधाचं पातेलं दिसलं, एवढंसं होतं." पुढे त्यांनी भल्लाजींना संक्रांतीला तिळगूळ नेऊन दिला. गाडी मात्र घेतली नाही.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी काकूंनी माझं दार वाजवलं. "चल, एक गाडी बघायचीय. चप्पल घाल फक्त, लांब नाही जायचं."

आम्ही मागच्या भिंतीशी गेलो. काकूंनी काकांच्या गाडीचं कव्हर काढलं, बॉनेट उचललं आणि मला आत बसायला लावलं. "आज तू गुप्ताजी," त्या म्हणाल्या. "वैशालीत राहणारे. जास्त बोलू नकोस."

वर काकांच्या खोलीत कूलर चालू होता आणि खिडकी पुढच्या बाजूला, त्यामुळे खालचं काही ऐकू जाणार नव्हतं. काकूंनी फोन लावला. "अहो, वैशालीत आहे. घर चांगलंय. ऐका." मग माझ्याकडे वळून खणखणीत हिंदीत, "हाँ गुप्ताजी, ज़रा रेस दीजिए."

"जी मैडम," मी म्हणालो आणि ॲक्सिलरेटर दाबला.

काकू फोन इंजिनावर धरून उभ्या होत्या. मी काचेतून त्यांचा चेहरा बघत होतो. त्या देवळात उभ्या असल्यासारख्या उभ्या होत्या. फोनमधून आवाज आला, मला काचेच्या आतही ऐकू आला.

"टायमिंग चेन सैल आहे. टॅपेट खडखडतोय. कुणीतरी अनाडी माणसाने हाताळलेली गाडी आहे. नको."

काकूंनी फोन बंद केला. बॉनेट लावलं. कव्हर घातलं, चारही कोपऱ्यांना ओढून नीट बसवलं. मग आम्ही वर गेलो. मला जायचं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "साक्षीदार लागेल."

काका उशांना टेकून बसले होते. काकूंनी आधी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आत्ता तुम्ही आपल्याच गाडीला नको म्हणालात."

काका माझ्याकडे वळले. "गुप्ता कोण होता?"

"मी," मी म्हणालो.

"आवाजावरून वाटलंच. खोटारडा माणूस."

डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने उचलून त्यांनी मांडीवर ठेवली, घडी घातलेल्या कपड्यासारखी. शेवटी म्हणाले ते काकूंकडे न बघता. त्यांचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. "गाडी येईल गं. गाडीपर्यंत मी कसा येणार? खुर्चीत घालून? चार जण धरून, त्या भल्लाच्या दारासमोरून? चौघांनी उचलून न्यायची वेळ माझ्यावर एकदाच येणार आहे, लीला. दोनदा नाही."

"मग उचलू देऊ नका," काकू म्हणाल्या. "बसत बसत उतरा. पायरीवर बसायचं, खाली सरकायचं, पुढच्या पायरीवर बसायचं. मुलगी लहान असताना अशीच उतरायची."

"मी सुभेदार आहे."

"घरात आहात. जिन्यात बघू."

मला दारापर्यंत पोचवायला त्या बाहेर आल्या. दार मागे ओढून घेतलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. "मला माहीत होतं रे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन-तीन गाड्यांनंतरच कळलं होतं. पण ते नको म्हणायचे आणि मलाही बरं वाटायचं. पुढच्या रविवारी परत बाहेर पडायला मिळायचं. कुणाच्या तरी घरी आयता चहा." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "पण परवा त्यांना उठवताना पाय सरळच होईना."

यानंतर काकू महिनाभर गाड्या बघायला जात राहिल्या, पण एकट्या, आणि काकांना फोन येईना. काकांनी विचारलं की म्हणत, "घरच पसंत पडलं नाही, इंजिन काय ऐकवू?" एक दिवस मी ऑफिसला जाताना मेट्रोच्या स्टेशनखाली बघितलं, तर ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीची पिवळी गाडी हिसके खात चालली होती. आत पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, आणि शेजारी देवाचं नाव घेत बसलेला मास्तर.

शेवटी जी गाडी आली ती दिलशाद गार्डनमधल्या एका केरळी नर्सबाईंची. त्या परदेशी चालल्या होत्या. त्या दिवशी मी काकूंबरोबर होतो. नर्सबाईंनी कॉफी विचारली, आणि पहिल्यांदाच काकू वर गेल्या नाहीत. त्या गाडीपाशीच थांबल्या. डावीकडच्या सीटवर एक जाड, गुळगुळीत कापडाची गादी होती. दाराच्या वर धरायला जो दांडा असतो, त्याला मऊ सुती साडीच्या काठाचा फास बांधलेला होता.

"यह क्या है?" काकूंनी विचारलं.

"अम्मा के लिए," नर्सबाई म्हणाल्या. "हाथ नहीं उठता था. इसमें डाल देती थी, तो मोड़ पर गिरता नहीं था." मग त्यांनी स्वतः बसून दाखवलं. आधी पाठ आत, मग गादीवर अंग फिरवायचं, मग एकेक पाय. दोनदा दाखवलं. अम्मा आता कुठे आहेत हे काकूंनी विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, "यह कपड़ा रहने दीजिएगा." कागद मागायचंही त्या विसरल्या, ते मी मागितले. नर्सबाईंनी कपाटाकडे बघण्याचा प्रश्नच नव्हता, कागद गाडीतच होते.

काका जिना उतरले ते मी बघितलं नाही. काकूंनी सांगूनच ठेवलं होतं, "कुणी बाहेर येऊ नका. भल्लाजी सकाळी फिरायला जातात, तेव्हा उतरू." मी दाराच्या आत उभा राहून ऐकत होतो. कापड घासल्याचा आवाज, मग थांबणं, मग काकूंचं "हं." पुन्हा घासणं. मध्येच काकांचं "हात लावू नकोस." पुन्हा थांबणं. ते इतका वेळ चाललं की माझा चहा निवला. मग मी मागच्या खिडकीत गेलो. इंजिन सुरू झालं आणि परेडच्या मैदानावरचा आवाज इमारतीच्या दोन्ही बाजूंना ऐकू गेला.

"टॅपेट वाजतोय!"

"वाजू दे," काकू म्हणाल्या आणि गाडी हिसका खाऊन फाटकाकडे गेली.

जुनी गाडी दिवाळीच्या आधी भंगारवाल्याने नेली. भल्लाजींनी त्या जागेवर आपली नवी गाडी लावली.

काका-काकूंना मी तसं रोजच बघत होतो, पण कराडला जाण्यापूर्वीचं जे दिसणं माझ्या मनात राहिलंय ते छावणीच्या वाटेवरच्या धौला कुआँचं. मी ऑफिसच्या दौऱ्यासाठी विमानतळावर निघालो होतो. पुलाखाली असा जाम लागला होता की लोक इंजिनं बंद करून बसले होते. माझ्या टॅक्सीच्या उजवीकडे नर्सबाईंची ती गाडी. काका माझ्या बाजूला. डावा हात साडीच्या काठाच्या फासात, गर्दीच्या बसमध्ये उभ्या असलेल्या माणसासारखा. उजव्या हाताने ते पुढच्या ट्रककडे, गिअरकडे, आभाळाकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. विषय क्लचचा असणार. इस्पितळाची वेळ टळत चालली होती की टळून गेली होती, कोण जाणे.

काकू ऐकत नव्हत्या. त्या काकांच्या अंगावरून वाकून माझ्या टॅक्सीवाल्याशी बोलत होत्या. मी मागच्या सीटवर होतो, त्यांना दिसलो नाही.

"भैया, आपकी गाड़ी है?"

"हाँ जी, अपनी है."

"कितने साल की?"

"सात की, माताजी. बढ़िया चलती है. लेनी है क्या?"

"बताती हूँ," काकू म्हणाल्या. "घर में कौन-कौन है?"

टॅक्सीवाला सांगू लागला. पुढे कुठेतरी सिग्नल सुटला, सगळ्यांनी हॉर्न वाजवले आणि कुणीच हललं नाही. काकूंनी हात लांब करून काकांच्या बाजूची काच आणखी खाली केली.